एफएमजीईची तयारी सुट्टीतच सुरू करा

महोदय,

परदेशातून एमबीबीएस करून आलेल्यांना भारतात डॉक्टरकी करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या एफएमजीई परीक्षेचा निकाल लागला की ‘पेपर अवघड होता’ अशी ओरड होते. सरकारी मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्य आणि रोगप्रतिबंधाचा विषय, शिकवून मी निवृत्त झाले. तेव्हापासून किर्गिझस्तानातल्या बिश्केक, जॉर्जियातल्या तिबिलिसीहून परतलेली आमच्या लातूर-नांदेडकडची मुलं शंका घेऊन घरी येतात. मुलं कष्टाळू आहेत, पण अभ्यास उशिरा आणि भलत्याच टोकाकडून सुरू करतात.

परीक्षेत ३०० प्रश्न असतात. १५० बरोबर आले की पास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यातले २०० गुण मेडिसिन, सर्जरी, पीएसएम अशा क्लिनिकल विषयांचे. तरी मुलं परतल्यावर क्लास लावून ॲनाटॉमीचे (शरीररचनेचे) व्हिडिओ पहिल्यापासून बघत बसतात. मेडिसिन, सर्जरीपर्यंत पोचेस्तोवर परीक्षा तोंडावर येते. पीएसएम तर ‘शेवटी वाचू’ म्हणून बाजूलाच पडतो. ॲनाटॉमीला १७ गुण आणि पीएसएमला ३०, हे कुणी लक्षातच घेत नाही! आपले क्षयरोग, माता-बाल आरोग्याचे कार्यक्रम तिकडच्या वर्गात कोण शिकवणार? फॉरेन्सिकचेही (न्यायवैद्यकाचेही) तेच. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचे ३०४-अ कलम आता १०६ झाले, पण मुलांच्या हातात सीनियर्सच्या जुन्याच नोट्स असतात.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर आलेल्या चौथ्या वर्षाच्या एका मुलीला मी उपकेंद्रावरच्या लसीकरण सत्राला पाठवले. लसीकरणाचा तक्ता तिने घोकला होता, पण दर वेळी कुठे ना कुठे गोंधळ व्हायचा. नर्सबाईंनी तिला पोलिओच्या कुपीवरची खूण दाखवली: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका आहे तोवरच लस द्यायची, रंग सारखा झाला की कुपी बाद. गोवर-रुबेलाची लस द्रावणात मिसळली की कुपीवर वेळ लिहायची, चार तासांनंतर ती वापरायची नाही. बीसीजी डाव्या दंडात, गोवर-रुबेला उजव्या. संध्याकाळी तिने हे सगळे मला न अडखळता सांगितले.

म्हणून तिसऱ्या वर्षापासूनच प्रत्येक सुट्टीतले काही दिवस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीने प्राथमिक आरोग्य केंद्रात घालवा. एक प्रकरण वाचून झाले की लगेच त्यावरचे प्रश्न सोडवा. चुकलेला प्रश्न का चुकला, तेही वहीत लिहा. सराव परीक्षा घड्याळ लावून, दीडशे-दीडशे मिनिटांच्या दोन्ही सत्रांची द्या. दुसऱ्या सत्रात डोके थकते आणि येणारे प्रश्नही चुकतात.

पालकांनी एजंटाकडे फी आणि मेसची चौकशी जरूर करावी, पण तिथे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्ण तपासायला मिळतात का, हे आधी विचारावे. जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांना माझी विनंती आहे की सुट्टीत येणाऱ्या या मुलांना केंद्रांवर बसू देण्याची काही रीतसर सोय करावी.

– एक निवृत्त प्राध्यापिका, लातूर