दाबलेल्या हवेची उष्णता वाया का घालवायची?

मा. संपादक,

विहिरींच्या कामांवर मी ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर चालवतो. दिवसाची जादा सौर वीज वापरून हवा दाबायची, जमिनीखाली साठवायची आणि संध्याकाळी तिच्यावर टर्बाइन फिरवायचं, याबद्दल वाचायला मिळतं. पण हे महाग पडतं म्हणून विषय तिथेच संपतो.

महाग का पडतं, ते आमच्या मशीनला हात लावला तरी कळेल. हवा दाबली की तापते. आमचं कितीतरी डिझेल खडक फोडण्याऐवजी कूलरमधून नुसतं उडून जातं. जर्मनीत हुंटोर्फला १९७८ पासून आणि अमेरिकेत अलाबामात १९९१ पासून असे प्रकल्प आहेत. तिथेही दाबतानाची उष्णता टाकून देतात आणि हवा बाहेर काढताना तापवायला गॅस जाळतात. हुंटोर्फची कार्यक्षमता त्यामुळे जेमतेम ४२ टक्के. चीनने हुबेई प्रांतात यिंगचेंगला ३०० मेगावॅटचा प्रकल्प उभारला, तिथे हीच उष्णता बाजूला साठवून पुन्हा हवेला देतात. गॅसचा खर्चच नाही.

दुसरा खर्च पोकळीचा. वरच्या तिन्ही ठिकाणी मिठाचे थर आहेत. पाण्याने मीठ विरघळवलं की पोकळी स्वस्तात होते. विदर्भात असं मीठ कुठून आणणार? पण आमच्या तुमसर तालुक्यात चिखल्याला, तिकडे रामटेककडे कांद्री-मनसरला मँगनीजसाठी शंभर वर्षांवर खोदकाम झालंय, तेही कठीण खडकात. कॅनडाच्या हायड्रोस्टॉर कंपनीची पद्धत अशा खडकासाठीच आहे: वर तळं, खाली पोकळी, तळ्याच्या पाण्याने हवा दाबून धरायची. दहा मीटर पाण्याला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो दाब, हा हिशोब विहीरवाल्याला शिकवावा लागत नाही. तीनशे मीटर खोलीला तीस किलो मिळतो, आणि हवा संपेपर्यंत तो फारसा उतरत नाही. त्यामुळे तेवढ्याच विजेला पोकळी लहान पुरते.

प्रत्येक जुनं खोदकाम हवा धरेल असं नाही. भेगा असतील तर आतून अस्तर द्यावं लागेल आणि वाचलेला पैसा तिथेच जाईल. कोळशाच्या खाणींचं तर नावच नको (चंद्रपूर-वणीवाल्यांनी रागावू नये). कोळसा भुसभुशीत, शिवाय आत गॅस. दोन-चार तासांच्या साठ्याला बॅटरी बरी, हेही मान्य. पण रात्रभर वीज पुरवायची तर बॅटऱ्या वाढवत जाव्या लागतात. हवेचा साठा वाढवायला मोठी पोकळी लागते, मशीन तेच राहतं.

म्हणून मागणी एवढीच. मँगनीज खाणींचे जे भूमिगत भाग काम संपून बंद झालेत, ते बुजवण्याआधी किंवा पाण्याखाली जाऊ देण्याआधी त्यांची खोली, घनफळ आणि हवेची गळती मोजावी आणि आकडे जाहीर करावेत. गळतीची चाचणी करायला प्रकल्प उभारावा लागत नाही. तोंड बंद करायचं, हवा भरायची आणि दाबाचा काटा बघायचा.

एक कॉम्प्रेसरचालक,
ता. तुमसर, जि. भंडारा