आशाताई, तुम्ही आईंची भाकर बंद केली नाही

आदरणीय आशाताई,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू द्या व माय" म्हणता आणि दुसराच विषय काढता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्या सासूबाईंची साखर आटोक्यात आली त्यात डॉक्टरांचा आणि गोळ्यांचा वाटा आहेच. पण गोळ्यांच्या जोडीला काय खायचं आणि किती खायचं, हे आमच्या घराला तुम्ही शिकवलं.

गावच्या आशा कार्यकर्त्या म्हणून तिशीच्या वरच्या सगळ्यांचे आरोग्य तपासणीचे फॉर्म भरत तुम्ही गावात फिरलात, तेव्हाच आईंची साखर पहिल्यांदा कळली. पुढे शहरातल्या एका दवाखान्यातून आहाराचा छापील कागद मिळाला. ओट्स, ब्राऊन ब्रेड, सफरचंद. आर्वी तालुक्यातल्या आमच्या खेड्यात हे रोज कोण आणणार? आईंनी तो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाल्या, "मंग म्या खाऊ तरी काय?" त्यानंतर भीतीपोटी त्या अर्धपोटी राहू लागल्या. तुमच्या कानावर हे गेलं आणि त्याच संध्याकाळी तुम्ही घरी आलात.

तुम्ही आईंचं रोजचं ताट वाढायला लावलं. भाताचा ढीग, वर पातळ वरण, कोपऱ्यात बोटभर भाजी. तुम्ही रागावला नाहीत. अर्ध्या ताटात भाजी, पाव भागात घट्ट वरण नाहीतर पिठलं, उरलेल्या पाव भागात भाकर किंवा भात, असं तुम्ही स्वतःच्या हातानं वाढून दाखवलं. वरणात डाळ दिसली पाहिजे, असं मला बजावलंत. आधी भाजी आणि वरण खा, भात शेवटी, म्हणजे साखर एकदम चढत नाही, हेही तेव्हाच सांगितलंत. भाजी तरी कोणती? बांधावरची चिवळ, पावसाळ्यातला तरोटा, अंबाडी, मेथी, हिवाळ्यात वालाच्या शेंगा. सगळं आमच्याच शिवारातलं.

मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. साखर असलेल्यांना ज्वारी खा म्हणून सगळेच सांगतात. पण आमच्या शेतात आता कपाशी, तूर आणि सोयाबीन आहे. ज्वारी विकत आणावी लागते आणि तांदूळ रेशनवर मिळतो. तुम्ही आमच्या डब्यात डोकावलात आणि त्याच तांदळाचं माप वाटीनं ठरवून दिलंत. ज्वारीची भाकर झाली तरी तिचीही शेवटी साखरच होते, जास्त खाल्ली तर आकडा वाढणारच, हेही लपवलं नाहीत. गुळाच्या चहाचंही तसंच. गूळ चालतो, अशी आईंची पक्की समजूत होती. ती तुम्ही एका बैठकीत मोडलीत, आणि वर बचत गटात सांगितलंत की साखर असलेली बाई घरी आली तर तिला फिका चहा द्यायचा, आग्रह करायचा नाही. गावात दर घरी चहा घ्यावा लागतो, त्यामुळे एकट्या आईंना समजावून भागलं नसतं.

ताई, कापूस वेचणीच्या दिवसातली ती सकाळ आठवली की अजून छाती धडधडते. मजुरीची घाई होती. आई गोळी घेऊन काही न खाता शेतात गेल्या. दोन-तीन ओळी होत नाहीत तोच हातपाय थरथरायला लागले, घामानं लुगडं भिजलं, त्या असंबद्ध बोलायला लागल्या. ऊन लागलं म्हणून कुणी सावलीत झोपवून ठेवलं असतं. पण गटातल्या बाया तुमच्या बैठकीला बसलेल्या होत्या. साखर ७० च्या खाली उतरली की असंच होतं, हे त्यांना माहीत होतं. आई शुद्धीवर आहेत, गिळू शकतात, हे आधी पाहून त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटं थांबल्या, पुन्हा पाजली, आणि मग भाकर खाऊ घातली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा, हेही त्यांना पाठ होतं. नंतर डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला. आता आईंच्या पदराला साखरेची पुडी बांधलेली असते, आणि न जेवता गोळी घेऊन घराबाहेर पडायचं नाही हा घरातला नियम आहे.

महालक्ष्म्यांच्या वेळी आई रडवेल्या झाल्या होत्या, पुरणपोळीचा प्रसाद कसा नाकारायचा म्हणून. तुम्ही म्हणालात, अर्धी पोळी खा, त्या दिवशी भात सोडा, आणि सोळा भाज्यांची भाजी पोटभर घ्या. देवीचं जेवण आईंना समाधानानं जेवता आलं. त्याचे आभार मी कसे मानू?

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (एचबीए१सी तपासणीचा) आकडा नऊ टक्क्यांच्या वर होता, तो आता सातच्या आसपास आहे. फॉर्म भरल्याचा मोबदला तुम्हाला मिळत असेल. आमच्या चुलीपाशी घालवलेल्या संध्याकाळींचा रकाना कोणत्या कागदात असेल असं मला वाटत नाही. तो असायला हवा, असं मी ग्रामसभेत बोलणार आहे.

एक विनंती. आमच्या शेजारच्या काकांना परवाच साखर निघाली आहे आणि काकूंनी घाबरून भात-भाकर दोन्ही बंद केलं आहे. सवड मिळाली की त्यांच्याकडे या. आईही म्हणतात, "मी येतो ताईंसंगं, ताट म्याच वाढून दाखवतो."

तुमची,
गावातली एक सून