आई, आप्पा, मी यंदाही घरी राहायला येत नाहीये

मडगाव
मे महिना, रात्रीचे साडेअकरा

ती. आई आणि ती. आप्पा यांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. पण आई लगेच ‘जेवलास का’वर येते आणि आप्पा ‘घे, तुझ्या आईशी बोल’ म्हणून फोन देऊन टाकतात. म्हणून लिहितोय. ताईला बजावलंय की तिनं वाचून दाखवायचं नाही. आई, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, नवा चष्मा आलाय, आता तूच वाच. अक्षर मोठं काढलंय. मधेच थांबून आप्पांकडे बघू नकोस, शेवटपर्यंत वाच.

दोन गोष्टी आहेत. पहिली, मी फुटबॉल खेळणं थांबवलं. या महिन्याअखेर क्लबशी करार संपतोय आणि मी नवा केला नाही. ही ऐकून तुम्हाला बरंच वाटेल. दुसरी अशी की मी सोलापूरला येत नाहीये. ऐझॉलला चाललोय, मिझोरामला. तिथल्या एका अकादमीत पंधरा वर्षांखालच्या मुलांना शिकवायचं काम आहे, दोन वर्षांचं. सही मागच्या सोमवारी केली. तुम्हाला विचारून करायला हवी होती, हे कळतं मला. विचारलं असतं तर तुम्ही ‘जा’ म्हणाला असतात आणि मग माझ्याच्यानं जाववलं नसतं.

गेल्या गड्ड्याच्या, आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी फोनवर मीच म्हणालो होतो, ‘पुढच्या वर्षी नंदीध्वजांसोबत आप्पांच्या शेजारी मीपण बाराबंदी घालून चालणार.’ आईनं त्यानंतर कपाटातला माझा जुना पांढरा अंगरखा, ती बाराबंदी काढून धुऊन ठेवली, हे ताईनं सांगितलं. तेव्हापासून घशाखाली घास नीट उतरत नाही. पंधरा वर्षांत मी गड्डा दोनदाच पाहिला. लीगचे सामने नेमके जानेवारीत. अक्षता सोहळ्याच्या दिवशी मी कधी कोलकात्यात असायचो, कधी इथं, आणि दुपारी खोलीत एकटा बसून ताईनं पाठवलेला व्हिडिओ बघायचो. ‘हर्र बोला’ ऐकलं की पाय आपोआप थांबायचे.

गुडघ्याचं आता सांगून टाकतो. डाव्या गुडघ्याचं एक ऑपरेशन तुम्हाला माहीत आहे. त्याच्या आधीही एक झालं होतं. त्या वर्षी पावसाळ्यात मी आलो नाही, ‘कॅम्प लांबला’ म्हणालो होतो, तो कॅम्प नव्हता. आतला लिगामेंट तुटला होता. तो नवा घालतात, मग नऊ महिने मैदान बंद. आई, तेव्हा तू फोनवर म्हणालीस, ‘आवाज का असा येतोय?’ मी म्हणालो, रेंज नाही. माझ्या शेजारी कुबड्या होत्या. तुमच्याशी एवढं मोठं खोटं बोललो ते तेवढंच एकदा. रागवा, पण चार दिवसांनी सोडून द्या. आता गुडघ्याची गादी झिजलीय एवढंच. चालायला, जिने चढायला, मुलांसोबत हलकं पळायला काही अडचण नाही. मात्र एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर पळायचं आणि त्यात पन्नास वेळा झटक्यात वळायचं, ते आता होत नाही. या हंगामात दोनदा समोरचा पोरगा माझ्या बाजूनं निघून गेला, मी वळेपर्यंत तो पुढं. माझ्या जागेवरच्या माणसाला वळायला उशीर झाला की मागं नुसतं रान मोकळं असतं. दुसऱ्यांदा झालं तेव्हाच मनात ठरलं.

आई, तू दर सामन्यानंतर विचारायचीस, ‘गोल केलास का?’ पंधरा हंगामांत माझे गोल चार. तू ते चारही वारासकट लक्षात ठेवलेस. पण शेजारच्या काकू जेव्हा म्हणाल्या की ‘पेपरात नाव कधी दिसत नाही हो तुमच्या मुलाचं’, तेव्हा तू गप्प बसलीस, आणि ते मला लागलं होतं. तुला त्यांना काय सांगायचं ते मी कधी नीट सांगितलंच नाही. आज सांगतो.

माझी जागा बचाव करणाऱ्या चौघांच्या पुढं आणि बाकी सगळ्यांच्या मागं. आम्ही तिला ‘सिक्स’ म्हणतो. गोल करायला पुढं धावायचं ते इतरांनी. ते धावले की मागं जी जागा रिकामी होते ती मी राखायची. चेंडू हिसकावायचा आणि साधा, जवळ, चुकणार नाही असा पास द्यायचा. काम नीट झालं तर काहीच घडत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही. माझ्या जागेवरचा माणूस नसला की मात्र लगेच दिसतं. क्लॉड मॅकलेले नावाचा फ्रान्सचा खेळाडू याच जागेवर खेळायचा. 2003 साली रेआल माद्रिदनं त्याला जाऊ दिलं. त्याच उन्हाळ्यात बेकहॅमला आणलं, सगळं जग त्या फोटोंकडे बघत होतं. त्या वर्षी लीग जिंकलेल्या माद्रिदला पुढची तीन वर्षं लीग मिळाली नाही. मॅकलेले ज्या चेल्सीत गेला, तिनं 2005 आणि 2006 अशी लागोपाठ दोनदा जिंकली. ताईच्या लेकानं भिंतीवर रॉड्रीचा फोटो लावलाय ना, तोही सिक्सच. त्याला 2024 चा बॅलन डी’ओर मिळाला, म्हणजे त्या वर्षीचा जगातला सर्वांत चांगला खेळाडू. तो घ्यायला तो कुबड्यांवर आला होता, गुडघा तुटलेला. माझ्यासारखाच, आई. तो पडल्यावर महिन्याभरानं त्याचा मँचेस्टर सिटी एकामागून एक पाच सामने हरला, त्याआधी सलग चार वर्षं लीग जिंकलेला संघ. मी त्यांच्या नखाचीही सर नाही, पण काम तेच केलं. काकूंना एवढंच सांग, ‘आमचा पोरगा राखणीला असायचा.’

आणि आप्पा, ते काम मला कुणी शिकवलं, तेही आज लिहितो.

तुम्ही माझा सामना एकदाच मैदानात बघितलात, पुण्यात बालेवाडीला. दुसऱ्या दिवशी हुतात्मा एक्स्प्रेसनं परत निघताना कुर्डुवाडी येईपर्यंत तुम्ही काही बोलला नाहीत. मग म्हणालात, ‘चेंडू लांब असला तरी तू सारखा मान वळवून मागं का बघतोस? भ्यायलास काय?’ मी तेव्हा हसलो. ट्रेनरनं सांगितलंय म्हणालो. ते खरं नव्हतं. सातवी-आठवीत असताना मी तुमचा डबा घेऊन अक्कलकोट रोडच्या चादरीच्या कारखान्यात यायचो. तुम्ही दोन मागांच्या मधल्या गल्लीत उभे असायचात. एक माग तोंडासमोर, एक पाठीशी. समोरच्या मागाची कांडी बदलताना तुमची मान दर दोन-तीन श्वासांना मागं जायची. धोट्याचा आवाज जरा बदलला की बघायच्या आधीच हात मागं गेलेला असायचा, आणि तार खरंच तुटलेली असायची. मी डबा धरून उभा राहायचो आणि ते बघायचो. चादर विकताना दुकानदार फुलं दाखवतो, मोर दाखवतो. तुटलेली तार कुठं सांधली ते गिऱ्हाईकाला सापडत नाही. सापडली तर सांधणाराच कच्चा, असं तुम्ही म्हणायचात.

चेंडू माझ्याकडे यायच्या आधी मागं कोण आहे ते बघून ठेवायचं, एवढ्या एका सवयीवर मी पंधरा वर्षं टिकलो. उंची बेताची, वेग त्याहून बेताचा. तरी तीन राज्यांतल्या क्लबांनी मला ठेवून घेतलं. ती सवय त्या गल्लीतली आहे.

आता ऐझॉलच का, ते. मामांनी शाळेतल्या क्रीडाशिक्षकाच्या जागेसाठी शब्द टाकला होता, मला माहीत आहे. त्यांना वाईट वाटणार. त्यांना मी वेगळा फोन करतो, तुम्ही मधे पडू नका. माझं प्रशिक्षकाचं ‘डी’ आणि ‘सी’ लायसन्स झालंय, ‘बी’ करायचंय. त्यासाठी दर आठवड्याला सामने खेळणारी मुलं हाताखाली हवीत. सोलापुरात पोरं गुणी आहेत, पण वर्षभराची लीग कुठाय? कोल्हापूर असतं तर गोष्ट वेगळी. मिझोरामची वस्ती 2011 च्या जनगणनेत अकरा लाखांच्या आतच होती, आपलं सोलापूर शहर तेव्हा साडेनऊ लाखांचं. म्हणजे आपल्या शहरापेक्षा जरासंच मोठं अख्खं राज्य. तिथल्या ऐझॉल एफसीनं 2016-17 ला बड्या बड्या क्लबांना मागं टाकून आय-लीग, म्हणजे देशपातळीवरची लीग जिंकली. भारताच्या संघात माझ्याच जागेवर खेळणारा अपुया तिथलाच. तिथं डोंगर कापून मैदानं केलीत आणि पोरं पहाटे अंधारात येतात. मार्चमध्ये चार दिवस जाऊन बघून आलो. एक बारकं पोरगं होतं, तेरा वर्षांचं. चेंडू यायच्या आधी दोनदा मान वळवून मागं बघितलं त्यानं, कुणी न सांगता. मला कारखाना आठवला. परत येताना विमानात मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

पगार खेळाडूच्या करारापेक्षा कमी आहे, पण बाराही महिने येणार आहे. गेल्या हंगामात लीग कधी सुरू होणार हेच महिनोन्महिने कळत नव्हतं आणि पैसे अडकले होते, ते तुम्ही बघितलंत. घराचं कर्ज फिटलंय. तुमच्या औषधाच्या खात्यावर पाच तारखेला पैसे येत राहतील, त्यात काही बदल नाही.

खाण्याची काळजी करू नकोस, आई. खोलीत गॅस आहे. भात, डाळ, पालेभाज्या भरपूर मिळतात, आणि सगळ्यांना सांगून ठेवलंय की मी मांस खात नाही. कुणाला नवल वाटलं नाही. शेंगाची चटणी दोन किलो दे, कडक भाकरी जेवढ्या मावतील तेवढ्या. लहानपणी तापातून उठलो की तू कडक भाकरी दुधात कुस्करून द्यायचीस ना, ती मी अजून करतो, सामना हरल्यावर. तिथं हिवाळ्यात पाचच्या आत अंधार पडतो आणि थंडी असते, म्हणून आप्पांच्या हातची ती जुनी निळी चादर मी नेणार. नवी नको. तीच.

लांब आहे, हे मी लपवत नाही. गोवा-सोलापूर विमान 2025 च्या जूनमध्ये सुरू झालं तेव्हा आई म्हणाली होती, ‘आता तू तासाभरावर आलास.’ आणि मी नेमका आता दुसऱ्या टोकाला चाललोय. तिथं जायला परमिट लागतं, तुमचंही मी काढून देईन. ऐझॉलजवळच्या सायरांगपर्यंत आता रेल्वे आलीय, पण तुम्हाला तेवढा प्रवास नको, विमानानंच यायचं. ऑक्टोबरात या. तोवर आप्पांचं बीपी ताब्यात हवं.

त्यावरून सांगतो, आणि हे सगळं ऐकायचंच आहे. आप्पा, बीपीची गोळी सकाळची सकाळी, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून गाळायची नाही. लोणचं बंद. चटणी एक चमचा, आई मोजून देईल. पाणी आलं की रात्री दोनला उठून गच्चीवर टाकी बघायला चढायचं नाही. प्लंबर शनिवारी येऊन आपोआप बंद होणारा स्विच बसवणार आहे, पैसे दिलेत, त्याला परत पाठवू नका. आई, तू हंडे उचलायचे नाहीत. डोळ्यात थेंब अजून पंधरा दिवस. मे संपेपर्यंत अकरा ते पाच घराबाहेर कुणीच पडायचं नाही, मंगळवार बाजार एक आठवडा चुकला तर चालतो. कूलर ‘बिल येतं’ म्हणून बंद ठेवता, ते मला ताई सांगते. बिल माझ्या मोबाईलवरून भरलं जातं, तुम्ही बघूसुद्धा नका. आणि आप्पा, छातीत जरा जरी वेगळं वाटलं तरी आधी ताईला फोन, मग आईला सांगणं. मी गुडघा लपवला तसं तुम्ही करू नका.

दोन वर्षांनी सोलापूरला येईनच, असं या पत्रात लिहीत नाही. मागं बोललो आणि पाळलं नाही, परत तसं नको. गड्ड्याला मात्र येणार. सही करायच्या आधी तेवढी एक अट घातली होती, जानेवारीत आठ दिवस सुट्टी, आणि त्यांनी ती कागदावर लिहून दिलीय. कागद घेऊन येतोय, आई, तू वाचून बघ. बाराबंदी कपाटात परत ठेवू नकोस, खांद्यात जरा घट्ट होईल, शिंप्याकडे द्यावी लागेल.

पुढच्या गुरुवारी विमानानं येतोय, दहा दिवस राहणार. होटगी रोडच्या विमानतळावर न्यायला येऊ नका, मी रिक्षा करून येतो. आप्पा, तुम्ही तरीही येणार हे मला माहीत आहे. मग सायकलवर येऊ नका. टोपी घाला आणि सावलीत थांबा.

तुमचा,
धाकटा