पुराच्या रेघेवरचे कप्पे

सांगली
11 मे

प्रिय नंदू,

पत्र मोठं होणार आहे, चहा घेऊन बस. फोनवर हे बोलता आलं असतं, पण फोनवर तू दोन वाक्यांत निकाल देतोस आणि "चल, ठेवतो" म्हणून मोकळा होतोस. या वेळी मला तुझं नीट विचार करून आलेलं उत्तर हवंय. माझी तब्येत ठीक, गोळ्या चालू, साखर आटोक्यात. आई बरी आहे. परवाच तुझी आठवण काढली, आणि तू लोणच्यासकट नेलेल्या तिच्या चिनी मातीच्या बरणीचीही.

गाडी विकली. गॅरेज मोकळं झालं. मागच्या भिंतीला स्लॉटेड अँगलचे रॅक करून घेतोय, पाऊस सुरू व्हायच्या आत. सोमवारी फॅब्रिकेशनवाला मापं घ्यायला येणार आहे. चांगला पोरगा आहे. फोनवर म्हणाला, "काका, पाच कप्पे धरू, दीड-दीड फुटावर. सगळ्यांना तसेच देतो." त्याला म्हटलं, थांब, आधी येऊन भिंत बघ.

ती भिंत तू पुरानंतर पाहिलेली नाहीस. तिच्यावर मी ऑइलपेंटने दोन रेघा मारून ठेवल्यात, गाळाचा डाग ओला असतानाच. 2021 ची रेघ जमिनीपासून 1 फूट 8 इंचांवर आहे. 2019 ची 4 फूट 4 इंचांवर. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेली होती, 2021 च्या जुलैत 55 च्या आसपास. वजाबाकी करून बघ, दोन्हीकडून उत्तर जवळजवळ एकच येतं. आयर्विनला 53 फूट झाले की पाणी आपल्या गॅरेजच्या उंबऱ्याला लागतं आणि तिथून पुढे पुलावरचा एक फूट म्हणजे गॅरेजमधला एक फूट. 2005 ला ते उंबऱ्याशी येऊन परत फिरलं, तेव्हा आपल्याला वाटलं की हीच हद्द. आता माझ्या लेखी कप्प्याची उंची ठरवणारी गोष्ट एकच, ती वरची रेघ.

म्हणून पहिला भरवशाचा कप्पा मी 5 फुटांवर धरलाय. रेघेच्या वर 8 इंच कशाला, असं तू विचारशील. गल्लीतून बोट गेली की लाट उठते आणि दारावर आपटते. मी त्या वेळी जिन्यावर उभा राहून पाहिलंय. शांत पाण्याची रेघ वेगळी आणि हलत्या पाण्याची वेगळी.

आता अडचण ऐक. छत साडेनऊ फुटांवर, म्हणजे 114 इंच. त्यातले 60 खाली गेले. उरले 54 इंच, आणि एवढ्यात आपल्या नाट्यसंस्थेचं सगळं बसवायचंय. रॅकचा साधा नियम कुणीही सांगेल, जड खाली, हलकं वर. पुराच्या गावात नियम उलटा होतो. जे पाण्याने जाणार ते वर, मग ते कितीही जड असो. झग्यांची ट्रंक भरलेली असताना मला एकट्याला जमिनीवरून हलत नाही, ती 5 फुटांवर कोण चढवणार? आणि वर एवढं वजन घेतलेला रॅक नुसता उभा ठेवून चालत नाही, भिंतीत अँकर बोल्ट मारून धरावा लागतो. 2019 ला आपल्या लाकडी लेव्हल्स, रंगमंचावरचे ते चौथरे, तरंगल्या होत्या ना, त्या पाण्याबरोबर फिरत फिरत जुन्या मांडणीला धडका देत राहिल्या. मांडणी पडली ती पाण्याने नाही, त्या लेव्हल्सनी पाडली. या वेळी लेव्हल्स भिंतीच्या कडीला दोराने बांधणार आहे. देखाव्याचे फ्लॅट्स छताला हुक मारून आडवे टांगतो, लोखंडी पाइप आणि स्टँड खाली. ते भिजले तर पुसून तेल लावलं की झालं. खालचे कप्पे पत्र्याचे नकोत, जाळीचे हवेत, म्हणजे गाळ साचून राहत नाही आणि पाइप मारला की धुऊन निघतो. सगळ्यात खालचा जमिनीपासून हातभर वर, झाडू आत जाईल एवढा.

वरच्या 54 इंचांचं गणित मी वहीत मांडलंय. ट्रंक 14 इंच उंच. वर हात घालायला 2 इंच सोडायचे, अँगलची जाडी दीड इंच. म्हणजे पुढचा कप्पा साडेसत्त्याहत्तरवर येतो. त्यावर स्पॉट दिव्यांचे खोके ठेवले, ते 15 इंच, तर तिसरा कप्पा 96 वर जातो आणि त्याच्या वर मुकुट आणि टोप बसतात. झालं, भरलं. तुझ्या वडिलांची बाजाची पेटी कुठेच बसत नाही. आपली नाटकं बसवणाऱ्या अण्णांच्या वह्या कुठेच बसत नाहीत. आणि मला एक कप्पा पूर्ण रिकामा हवाय.

हे रिकाम्या कप्प्याचं जरा समजून घे. सांगलीत पाणी अंगावर येत नाही, चढत चढत येतं. कोयनेतून सोडलेलं इथवर यायला वेळ लागतो, खाली हरिपुराला वारणा भरून आली की कृष्णेला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि पाणी मागे तुंबतं. 40 ला इशारा, 45 ला धोका, आणि आपला उंबरा 53 ला. मधल्या वेळात माणूस बरंच काही उचलू शकतो, पण उचललेलं ठेवायला जागा लागते. 2019 ला जागाच नव्हती. आईला वर न्यायचं, तिची औषधं, गॅसची टाकी, धान्याचा डबा, आणि मग ट्रंक. ट्रंक राहिली. घरात धाकटा नव्हता, तो पुण्यात. आताही तो पुण्यातच आहे आणि माझं वय तेव्हापेक्षा वाढलंय. म्हणून रेघेच्या वर एक कप्पा कायम मोकळा, ऐन वेळी हाताला येईल ते टाकायला. बायको म्हणते रिकामा कप्पा आपल्या घरात आठवडाभर टिकणार नाही. टिकवायचा म्हणजे टिकवायचा.

तू म्हणशील, मी कधीपासून सांगतोय, देऊन टाका सगळं एखाद्या कॉलेजला. अण्णा गेले त्या वर्षी तू हेच म्हणालास आणि आपण भावे नाट्यमंदिराच्या फाटकात उभं राहून भांडलो, आठवतंय? तू म्हणालास, "नाटक माणसांत असतं, ट्रंकेत नसतं." तेव्हा मला तुझा इतका राग आला होता की दिवाळीला तुझ्याकडे फराळ पाठवला नव्हता. अजूनही मला तुझं ते पटत नाही, आणि का पटत नाही ते आता दाखवता येतं.

मापं घ्यायची म्हणून ट्रंक उघडली. तळाशी अण्णांच्या वह्या, 2019 ला भिजलेल्या. तेव्हा मी पानं सुटी करून पंख्याखाली वाळवली होती आणि वर टाल्कम पावडर टाकून बांधून ठेवली होती. त्यानंतर आज पहिल्यांदा सोडली. आपल्या स्पर्धेच्या नाटकाची प्रत वर होती. नंदू, शाईने लिहिलेले संवाद गेलेत. पानापानावर नुसता फिकट निळा ढग. आणि त्याच्यावर अण्णांच्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणा जशाच्या तशा. इथे थांब. इथे उजवीकडून. इथे दिवा निम्मा. एका जागी नुसता बाण आणि पुढे "नंदू, घाई नको", खाली दोनदा रेघ मारलेली. शाई पाण्यात विरघळते, मेणाची पेन्सिल विरघळत नाही, कारण एवढंच. पण वाक्य कोणतं होतं ते पानावर नाही आणि घाई नको हे आहे. दुसऱ्या अंकातला तो सगळा प्रवेश तुला तोंडपाठ होता. मला माझे संवाद आठवतात, तुझे तुटक आठवतात. दुसरं कुणी उरलेलंच नाही ज्याला विचारावं. हे एखाद्या कॉलेजच्या कपाटात गेलं असतं तर पहिल्या साफसफाईत रद्दीत गेलं असतं, कारण तिथल्या पोरांना ती कोरी खराब झालेली वही दिसली असती.

तर वह्यांची जागा पहिली ठरली. सगळ्यात वर नाही, 5 फुटांच्या कप्प्यावर, डोळ्यासमोर, घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि भिंतीपासून दोन इंच सुटा ठेवतोय सगळा रॅक, कारण पुराशिवायही पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते.

आता मी जे ठरवत आणलंय ते सांगतो. ट्रंक फोडायची. म्हणजे आतलं सामान काढून 12 इंच उंचीच्या प्लास्टिकच्या डब्यांत भरायचं, प्रत्येक डबा दहा किलोच्या आत, म्हणजे मी एकटा उचलू शकतो. डब्याला 12, वर हाताला 2, अँगलला दीड. कप्पे येतात 60, साडेपंच्याहत्तर आणि 91 वर, आणि वरती 23 इंच उरतात, मोठे मुकुट आडवे न करता बसतात. पेटी 12 इंचांच्या आत आहे, मी मोजली, मधल्या कप्प्यावर बरोबर बसते. रुंदीला 3 फुटांचे खण करतोय, त्याहून लांब फळी गेली की मध्ये झोल येतो. खोली 18 इंच. 24 केली तर मागचं सामान दिसत नाही आणि एवढ्या उंचीवर हातही पोहोचत नाही. अँगलला भोकं असतात, पुढे पटलं नाही तर नट सोडून फळी वर-खाली करता येते. पण 60 चा कप्पा हलणार नाही, हे त्या पोराला बजावून सांगणार आहे.

एवढं करूनही रिकामा कप्पा निघत नाही, जोवर स्पॉट वर आहेत. हजार वॅटचे हॅलोजन आता कुणी लावत नाही, पोरं एलईडी आणतात, त्याला ना तसा डिमर लागतो ना तेवढी वायर. भिजले तर संपले, हे मला माहीत आहे. तरी ते रेघेच्या खाली ठेवायचे असं माझं मन म्हणतंय. पण त्या स्पॉटसाठी तू सायकल विकली होतीस आणि घरी चोरीला गेली म्हणून सांगितलं होतंस. तुझे वडील पोलिसांत जायला निघाले तेव्हा त्यांना वाटेत गाठून चहाला नेणारा मीच होतो! त्यामुळे हा निर्णय मी तुला न विचारता घेणार नाही. तसंच ट्रंकेचं. रिकामी ट्रंक खालच्या कप्प्यावर पट्ट्याने बांधून ठेवीन, तरी पाणी आलं तर ती गंजणार. तिच्यावरची संस्थेची अक्षरं तू रात्रभर बसून रंगवलेली आहेत. "सां"वरचा अनुस्वार अजून ठळक आहे, बाकी पोपडे निघालेत. वाटलं तर तुला झाकणाचा पत्रा कापून पाठवतो, पण मला विचारशील तर कापू नये.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं. व्यायाम सोडू देऊ नकोस, तिला मांडी घालायची घाई असणार. नाशकातलं नवं घर लावून झालं का? नातवाचं नाव शेवटी काय ठेवलंत? तू निवृत्तीनंतर करणार होतास ते पुस्तकांच्या बांधणीचं शिकणं सुरू झालं असेल तर फार चांगलं, तुझा हात त्याला योग्य आहे.

पेटीबद्दल एक वेगळं बोलायचंय. ती तुझी आहे, माझ्याकडे नुसती सांभाळायला आहे. न्यायची असेल तर पाऊस लागायच्या आत घेऊन जा, तो कप्पा आपोआप रिकामा होईल आणि मग स्पॉटही वर राहू शकतील. इथेच राहू दे म्हणालास तर तिची जागा पक्की आहे आणि मी तिला खाली उतरवणार नाही. मला दोन्ही चालतं. फक्त "तुला योग्य वाटेल ते कर" असं लिहू नकोस.

आणि दुसऱ्या अंकातला तो प्रवेश, तुझे संवाद, आठवतील तसे लिहून पाठव. क्रम चुकला तरी चालेल, अण्णांच्या खुणांवरून मी लावून घेईन. शाईने लिहू नकोस.

शनिवारपर्यंत कळव. रविवारी मी भिंतीवर खडूने मापं आखणार आहे.

तुझा,
दिल्या

ता.क. पेटीच्या भात्याचं चामडं उंदरांनी एका कोपऱ्यात कुरतडलंय. मिरजेत नेऊन दुरुस्त करून घेतो, ती तू नेणार असलास तरी. पैशांचं काढू नकोस.