आगगाडीने जाणाऱ्याचे बिल अडकू नये : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

महोदय,
सविनय नमस्कार.

मी बडोद्यात बरीच वर्षे उच्च शिक्षणात शिकवते आहे. या पत्राची गुजराती प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने रवाना केली आहे. इथे मराठीत लिहिते, कारण दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या कितीतरी मराठी घरांतली माणसे बडोद्यातल्या शिक्षणसंस्थांत शिकवतात, कचेऱ्या चालवतात, प्रयोगशाळा सांभाळतात. विषय त्यांच्याही कामाचा आहे.

मागणी आधीच सांगते. विद्यापीठाच्या कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्याला आगगाडीने जाणे निदान विमानाइतके तरी सोपे व्हावे. २०२३ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने राज्यातली अकरा विद्यापीठे एका चौकटीत आली आहेत. त्यामुळे हा बदल एका परिपत्रकाने सगळीकडे होऊ शकतो.

बडोद्याइतके रेल्वेचे सुख फार थोड्या विद्यापीठ-शहरांना आहे. बडोदा संस्थानच्या खंडेराव महाराजांनी १८६२ साली डभोई ते मियागाम रूळ टाकले, तेव्हा सुरुवातीला डबे ओढायला बैल जुंपत होते. आज मुंबई-दिल्लीच्या मुख्य मार्गावरचे हे जंक्शन आहे, आणि स्टेशनातून सयाजीगंजच्या बाजूला बाहेर पडले की काही मिनिटांत माणूस महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेच्या घुमटाखाली पोहोचतो. मुंबई चार तासांच्या आसपास. दिल्लीची राजधानी एक्सप्रेस रात्री नऊच्या सुमारास इथून निघते आणि सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीला पोहोचते. दहा वाजताची बैठक आरामात गाठता येते, हॉटेलचा खर्चही वाचतो.

भारतातल्या आकड्यांप्रमाणे देशांतर्गत विमानप्रवासात माणशी दर किलोमीटरला साधारण १२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, रेल्वेत आठ ग्रॅमच्या आसपास. दिल्लीच्या एका वाटेच्या प्रवासाला लावून पाहिले, तर विमानाने जाणाऱ्या प्राध्यापकाच्या नावावर नव्वद-शंभर किलो चढतात, गाडीने जाणाऱ्याच्या नावावर आठ. ऊर्जेवर, हवामानावर शोधनिबंध लिहिणाऱ्या लोकांना हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. तरीही ते हरणीच्या विमानतळाकडे का वळतात, हे मात्र आपल्याला सांगायला हवे.

पहिले कारण बैठकीच्या पत्राचे. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. बैठकीचे, निवड समितीचे किंवा पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेचे पत्र येते आठ-दहा दिवस आधी, कधी चार दिवस आधी. तोवर राजधानीचे सेकंड एसी वेटिंगवर गेलेले असते. त्यातही मंजुरीचा कागद वरून खाली येईपर्यंत तिकीट काढायचे नाही, ही बहुतेक ठिकाणची रीत. मंजुरी हातात पडते तेव्हा तत्काळची रांग उरते किंवा विमान. बैठक पुढे ढकलली गेली तर रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे कोण देणार, हे कोणीच सांगत नाही. म्हणून शहाणा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत थांबतो आणि महागडे विमान पकडतो. विद्यापीठाचे पैसेही जातात आणि हवाही बिघडते.

दुसरे कारण बिलाचे. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी परिषदेसाठी रात्रीची गाडी धरली, परतताना पुन्हा रात्रीची. दोन दिवसांच्या कामाला चार तारखा लागल्या, म्हणून त्यांचे बिल लेखा विभागात अडकून पडले. विमानाने सकाळी जाऊन रात्री परत आले असते तर कोणी चकार शब्द काढला नसता, खर्च दुप्पट झाला असता तरी. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांत मधल्या वेतनश्रेणीच्या कर्मचाऱ्याला विमानाचा इकॉनॉमी वर्ग किंवा सेकंड एसी, दोन्हींची मुभा आहे. पण मुभा असून काय उपयोग, जर गाडीत घालवलेला वेळ कामाचा धरलाच जात नसेल आणि तास हरवल्याचा जाब गाडीने जाणाऱ्यालाच द्यावा लागत असेल?

म्हणून परिपत्रकात इतके यावे : गाडीचा प्रवासकाळ हा कामाचा काळ. ज्या शहरी रात्रीच्या गाडीने किंवा दिवसा पाच-सहा तासांत पोहोचता येते, तिथे आधी गाडीचा विचार व्हावा, आणि विमान हवे असेल तर कारण एका ओळीत लिहावे. मंजुरीच्या आधी काढलेले तिकीट ग्राह्य धरावे. बैठक सरकली तर रद्द करण्याचा खर्च बैठक बोलावणाऱ्याने सोसावा. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाने तर काही शहरांची यादीच केली आहे, जिथे कामासाठी विमानाने जायचे नाही. आपली यादी मुंबई, पुणे, दिल्ली, जयपूर, इंदूर इथून सुरू होऊ शकते.

बायकांचा मुद्दा मात्र वेगळा मांडायला हवा. अपरात्री दोन वाजता स्टेशनवर उतरणाऱ्या अध्यापिकेला घरापर्यंतच्या टॅक्सीचे पैसे विनातक्रार मिळाले पाहिजेत. स्वस्त आणि स्वच्छ प्रवासाच्या नावाखाली तिला रिक्षासाठी अंधारात उभे करणे मला कधीच मान्य होणार नाही. ज्यांना पाठीचा त्रास आहे, घरी तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले आईवडील आहेत, त्यांना विमान खुले असावे, आणि कारण विचारताना सभ्यता असावी. गुवाहाटीला किंवा चेन्नईला गाडीने जा, असे मी म्हणणार नाही.

आता थोडे आपल्या सचिवालयाबद्दल. गांधीनगरला बैठक असली की बडोद्याहून एकेका अधिकाऱ्याची एकेक मोटार एक्सप्रेसवेवर धावते. बैठक सकाळी अकराला असते, फाइली सोबत असतात, दुसरा मार्ग सुचत नाही. पण एप्रिल २०२५ पासून मेट्रो सचिवालयापर्यंत येते. बडोद्याहून अहमदाबादला कालुपूरला उतरायचे, तिथून मेट्रो, ओल्ड हायकोर्टला बदलून उत्तरेकडची गाडी. बैठक दुपारी एकनंतर लागली तर हे सहज जमते, आणि सुरत-भरूचच्या लोकांनाही पहाटे चारला उठावे लागणार नाही. निम्म्या बैठका पडद्यावर होऊ शकतात, हे तर आपल्याला करोनाच्या काळातच कळले. तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) पीएच.डी.ची तोंडी परीक्षाही व्हिडिओवरून घेण्याची परवानगी दिली होती. बाहेरचा परीक्षक दीड तासाच्या प्रश्नोत्तरांसाठी एक हजार किलोमीटरवरून विमानाने यायलाच हवा, हा आग्रह आता सोडावा. मात्र परिषदेत चहाच्या वेळी ज्या गप्पा होतात, त्या पडद्यावर होत नाहीत, आणि तरुण संशोधकांना त्यांची फार गरज असते. प्रवास कमी करायचाच असेल तर तो आमच्यासारख्या ज्येष्ठांचा आधी व्हावा.

शहरातल्या शहरात काय, तर कलाभवन म्हणजे तंत्रशाखा एकीकडे, संगीताची शाखा सुरसागर तलावापाशी, पाद्र्याचे महाविद्यालय तर शहराबाहेर. या ठिकाणांना जोडणारी एक छोटी इलेक्ट्रिक बस दर अर्ध्या तासाला सुटली तर शेकडो स्कूटर जागच्या जागी राहतील. आणंद, नडियाद, भरूचहून रोज अपडाउन करणाऱ्यांचे पास संस्थेने काढून द्यावेत, पहिला तास त्यांच्या मेमू लोकलच्या वेळेशी जुळवावा.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. नदीकाठची बांधकामे आणि आजवा जलाशयाचे पाणी ही त्यामागची कारणे आपल्यासमोर आहेतच. पण तापलेल्या हवेत असा पाऊस वाढत जाणार, हे आम्ही वर्गात शिकवतो. ज्या मुलांच्या घरांत तेव्हा छातीभर पाणी होते, ती मुले समोर बसलेली असतात. त्यांच्या प्रश्नांना उत्तर देताना आमच्या प्रवासाची बिले आमच्या शिकवण्याच्या विरुद्ध बोलू नयेत, एवढी माझी इच्छा आहे.

परिपत्रक निघायला वेळ लागेल, वित्त विभागाचे मत घ्यावे लागेल, हे मी जाणते. बैठकीची वेळ दुपारी एकनंतर ठेवणे आणि तिचे पत्र सहा आठवडे आधी पाठवणे, या दोन गोष्टींना मात्र कोणाचीच मंजुरी लागत नाही. नव्या सत्रापासून त्या सुरू कराव्यात आणि बाकीच्या मागण्यांवर विद्यापीठांच्या शिक्षक-कर्मचाऱ्यांकडून सूचना मागवाव्यात, ही विनंती.

आपली नम्र,
बडोद्यातील एक अध्यापिका