नकारामागचं कारण विचारा

संपादक महोदय,

डायलिसिसवरचा रुग्ण किडनी प्रत्यारोपणाला नाही म्हणाला, की ‘घाबरतो’ म्हणून विषय मिटवला जातो. हे चूक आहे. अनेकांना पोटच्या पोराची किडनी घ्यायचीच नसते. त्यापेक्षा आठवड्यातून ३ वेळा ४-४ तास सुया टोचून पडून राहणं त्यांना सोसवतं. काहींनी प्रत्यारोपणानंतर पुन्हा डायलिसिससाठी शेजारच्या खाटेवर परत आलेला रुग्ण पाहिलेला असतो. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलं जाणारं टॅक्रोलिमस हे औषध रोज ठरल्या वेळीच घ्यावं लागतं. डोस चुकत गेले तर शरीर किडनी नाकारू शकतं, जास्त झालं तर हात थरथरतात, किडनीलाही इजा होते. ही भीती खरी आहे. पण दात्याचीही कसून तपासणी होते, हे त्यांना निवांत बसून सांगा. डायलिसिसच्या शेवटच्या तासात मात्र नको. तेव्हा अनेकांचा रक्तदाब उतरलेला असतो, पायात गोळे आलेले असतात.

— एक डायलिसिस तंत्रज्ञ