सुशोभीकरण राहू द्या, आधी पन्हळ साफ करा

मा. संपादक, स.न.वि.वि.

दर काही महिन्यांनी बातमी येते की अमुक पुरातन वास्तूचं सुशोभीकरण होणार, मग लाइटिंग, पेव्हर ब्लॉक, एक सेल्फी पॉइंट आणि फीत कापायचा फोटो. मला खरंच विचारायचंय की त्या वास्तूच्या गच्चीवर शेवटचं कोण चढलं होतं, आणि कधी? कारण जुनी इमारत खालून नाही मरत हो, वरून मरते. पन्हळीत पालापाचोळा अडकतो, पाणी तुंबतं, भिंतीत मुरतं, आणि आपण खाली उभे राहून फलकावरचा इतिहास वाचत बसतो.

मी रोज जातो त्या रस्त्यावर एक जुना दरवाजा आहे, त्याच्या कमानीवर डाव्या बाजूला पिंपळ उगवलाय. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडलं असणार. दोन पानांचा असताना तो नुसत्या बोटांनी उपटता येतो, पण तेव्हा कोणी बघत नाही. मग कधीतरी कोयत्याने वरचा भाग छाटतात आणि काम झालं म्हणतात. पिंपळाला काय, त्याला छाटणीच हवी असते, मुळं आत ओल शोधत जाडच होत जातात आणि काही वर्षांनी ती ओढायला गेलं की सोबत दगडही निघतात.

आणि दुरुस्ती झाली तरी धडकी भरते. मागे त्याच दरवाजाच्या दगडांमधल्या दरजा (सांध्यांच्या फटी) सिमेंटने भरल्या. जुना चुना मऊ असतो, भिंतीतली ओल तो बाहेर सोडतो, झीज झाली तर त्याची होते, दगड वाचतो. सिमेंट कडक, ते ओल अडवतं, मग ती दगडातूनच बाहेर पडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. आता तिथे जाऊन हात फिरवून बघा, सिमेंटची रेघ जशीच्या तशी उभी आणि मधला दगड बोटभर खोल गेलेला, हाताला पिठासारखी भुकटी लागते. वर ऑइल पेंटचा हात मारला असेल तर बघायलाच नको.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिरात मूळ कारागिरांनी दगड जोडायला लोखंडी पट्ट्या वापरल्या होत्या पण गंज लागू नये म्हणून त्यांच्याभोवती शिसं ओतलं होतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्ती करणाऱ्यांनी नवं लोखंड शिसं न ओतताच बसवलं, ते गंजलं, फुगलं आणि संगमरवर तडकला. नंतर ते सगळं काढून न गंजणारं टायटॅनियम घालत बसावं लागलं. म्हणजे दुरुस्तीची दुरुस्ती!

उलट नेदरलँड्समध्ये 1973 पासून एक साधी पद्धत आहे. प्रशिक्षित माणसं शिडी आणि हत्यारं घेऊन ठरावीक काळाने जुन्या इमारतींवर चढतात, कौल सरकलं असेल तर बसवतात, पन्हळ मोकळी करतात आणि मालकाला रिपोर्ट देतात की हे आत्ता करा, हे पुढच्या वर्षी चालेल. ह्यात फीत कापण्यासारखं काही नाही म्हणून कदाचित आपल्याकडे सुचत नसावं (थोडं कडू बोलतोय, माफ करा).

आपल्याला पण एवढंच हवंय. मोठं टेंडर दहा वर्षांनी काढण्यापेक्षा दर वर्षी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा दोन माणसं वर चढू देत, त्यातला एक चुन्याचं काम येणारा गवंडी असावा, अशी माणसं कमी झालीत पण काम मिळालं तर पोरं शिकतील. आणि फलकावर फक्त वास्तू कोणी बांधली हे लिहू नका, शेवटची पाहणी कोणत्या तारखेला झाली आणि तक्रार कोणत्या नंबरवर करायची हेही लिहा. तारीख जुनी दिसली की लोकच विचारतील.

मी दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा "हे आमच्या अखत्यारीत येत नाही" असं उत्तर मिळालं, मग कोणाच्या येतं ते मात्र कोणी सांगितलं नाही. तो पिंपळ अजून वीतभरच आहे, सहा-सात पानं असतील, शिडी लावली तर पाच मिनिटांचं काम. पुढच्या पावसाळ्यानंतर पाच मिनिटांत होणार नाही.

- एक नियमित वाचक